शाळा गावाची कशी होते?

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास बहुधा राजधानीत बसून लिहिला जातो. कोणत्या साली कोणता कायदा झाला, कोणत्या आयोगाने कोणता अहवाल दिला, किती शाळा निघाल्या आणि किती विद्यार्थी पटावर आले, एवढे सांगितले म्हणजे इतिहासकाराला आपले काम झाले असे वाटते. परंतु शाळा ही कायद्याच्या पुस्तकात भरत नाही, ती गावात भरते. गाव आणि सरकार यांच्यामध्ये जो शिक्षणखात्याचा मनुष्य उभा असतो, त्याला कोणी इन्स्पेक्टर म्हटले, कोणी डेप्युटी साहेब म्हटले, आज शिक्षणाधिकारी म्हणतात. त्याचे गावाशी नाते कसे होते, गावाने त्याला आपला मानले की परका, या प्रश्नाकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः पुष्कळशा चांगल्या योजनांचे यशापयश याच प्रश्नावर ठरलेले आहे. हे म्हणणे वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातील एका प्रकरणावरून पडताळून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्धा म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे सेवाग्राम उभे राहते आणि ते स्वाभाविकच आहे. पण आपण आरंभ सेवाग्रामापासून न करता जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या आष्टीपासून करू. गाव तसे जुने. तेथे मोगल धाटणीच्या दोन देखण्या कबरी आहेत. पैकी एक महंमदखान नियाझी या अफगाण सरदाराची. अकबराच्या व जहांगिराच्या पदरी चाकरी केलेल्या या सरदाराला या मुलुखातील परगणे जहागीर मिळाले होते. तो १६२७ च्या सुमारास वारला. दुसरी कबर त्याच्या मुलाची, अहमदखानाची. सभोवार कुणबी, तेली, माळी, महार, गोंड अशी नाना जातींची वस्ती आणि मध्ये हे पठाणी घुमट, असे आष्टीचे रूप आहे. तेथील हिंदूंना घुमट परके वाटत नाहीत आणि मुसलमानांना नागपंचमीचा सण परका वाटत नाही. तीनशे वर्षे एका विहिरीचे पाणी प्यालेल्या वस्तीचे असेच होते.

याच आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, लोकांचा जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला. गावकरी पडले आणि जमावाच्या हातून पोलीस अधिकारी व शिपाईही मारले गेले. मरण पावलेल्या गावकऱ्यांत निरनिराळ्या जातींचे व धर्मांचे लोक होते. पुढे कित्येकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथेही असाच प्रसंग घडला होता, त्यामुळे आष्टी-चिमूरचे कैदी म्हणून हे लोक साऱ्या देशाला ठाऊक झाले. त्यांना फासावरून सोडविण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी केलेली खटपट प्रसिद्ध आहे. आज गावाच्या नावापुढे ‘शहीद’ हा शब्द लागतो, तो या दिवसामुळे.

शिक्षणाच्या चर्चेत ठाण्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. ठाणे, तहसील कचेरी आणि शाळा या त्या काळी खेड्यातील माणसाला दिसणाऱ्या सरकारच्या तीन वास्तू होत. तिन्ही वरून आलेल्या, तिन्हींचा साहेब दुसरीकडे राहणारा. ठाणे गावात होते, पण गावाचे नव्हते, आणि जो दिवस यावयाचा तो आला तेव्हा हे सर्वांस कळून चुकले. मग शाळा कोणाची होती? तीही ठाण्यासारखीच गावात असून गावाबाहेरची होती काय? की ती देवळाच्या पाराप्रमाणे, चावडीप्रमाणे गावाची झाली होती? हा प्रश्न केवळ अलंकारिक नाही. या गोळीबारापूर्वी अवघी पाचच वर्षे, याच जिल्ह्यात, याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता.

त्या प्रयत्नाकडे वळण्यापूर्वी त्याच्या मागची परंपरा थोडक्यात पाहिली पाहिजे. मुंबई इलाख्यात १८५५ च्या सुमारास अर्ध्या लोकाश्रयाच्या शाळांची एक पद्धत सुरू झाली होती. गावाने शाळेचा काही खर्च उचलावा व उरलेला सरकारने द्यावा, असा तिचा सारांश. पद्धतीत दोष पुष्कळ होते, कारण जे गाव गरीब त्याला शाळाच नाही असा तिचा परिणाम होई. पण तिच्यात एक गुण होता. शाळा पाहिजे की नको, हे गावाला बोलावे लागे. पुढे सरकारने सोयीचा मार्ग काढला. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा पट्टी बसविली आणि तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे लावला. आता पैसा नियमित येऊ लागला, शाळाही वाढल्या. परंतु गावाला विचारण्याचे कारण उरले नाही. देणारा देत होता, पण त्याला बोलता येत नव्हते.

ही विसंगती ज्याच्या डोळ्यांत प्रथम सलली तो पुरुष म्हणजे जोतीराव फुले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, ते आजही प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वर्षातून एकदा वाचावे अशा योग्यतेचे आहे. पट्टी रयतेकडून घेता आणि विद्येचा लाभ वरच्या वर्गाला देता, हा त्यांचा मुख्य आरोप सर्वांना माहीत आहे. पण त्याच निवेदनात तपासणीविषयी व शिक्षकांविषयी त्यांनी जे मांडले, तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याने शाळेचे काही हित होत नाही. तपासणी तीन महिन्यांनी तरी व्हावी आणि कधीकधी आगाऊ सूचना न देता व्हावी, असे त्यांनी सुचविले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावे, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा जाणतील, आणि प्रसंगी नांगराचा रुमणाही हाती धरतील, असेही त्यांचे म्हणणे होते. जोतीरावांना हवा होता तो शाळेचा मनुष्य गावात वावरणारा. सरकारने ठेवला तो गावावरून जाणारा.

त्या वर्षातून एकदा येणाऱ्या साहेबाचे चित्र जुन्या पिढीच्या आठवणींत ठिकठिकाणी सापडते. साहेब येणार म्हणून शाळा सारवली जाई, पोरांना धुतलेल्या टोप्या घालावयाला सांगत, ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे घोकून घेतली जात. हजेरीपट नीट केला जाई. साहेब येई, पाटलाच्या घरचा पाहुणचार घेई, शेरेबुकात दोन ओळी लिही आणि पुढच्या गावाला जाई. त्या दोन ओळींवर मास्तराचे भवितव्य अवलंबून असे. पण त्या ओळी गावाने वाचाव्या असे कोणालाही वाटत नसे, आणि मुलाचा बाप शाळेविषयी काय म्हणतो ते लिहिण्यासाठी शेरेबुकात रकाना नव्हता. मनुष्य वाईट होते असे नाही. त्यांत विद्वान होते, कनवाळूही होते. पण त्यांचे तोंड वरच्या कचेरीकडे वळलेले असे आणि पाठ गावाकडे.

वऱ्हाड-नागपूरकडची हकीकतही फारशी निराळी नाही. १८८३ च्या कायद्याने मध्यप्रांतात डिस्ट्रिक्ट कौन्सिले व लोकल बोर्डे आली आणि खेड्यांतील शाळांचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. स्थानिक स्वराज्याचा हा आरंभ म्हणावयाचा. परंतु या मुलुखात जमीनधाऱ्याची पद्धत मालगुजारीची होती. गावचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजारावर आणि म्हणून गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकारही व्यवहारात त्याचाच. शिक्षणखात्याच्या माणसाने गावाशी बोलावयाचे म्हणजे मालगुजाराच्या वाड्यावर बोलावयाचे, असा रिवाज पडून गेला. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढच्या प्रकरणात ती फार महत्त्वाची आहे.

१९३७ साली प्रांतोप्रांती लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली आणि शिक्षणाचा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. अडचण पैशाची होती. दारूबंदी करावयाची तर अबकारीचे उत्पन्न बुडते, आणि शाळांचा खर्च तर त्याच उत्पन्नातून चालतो, असा पेच होता. दारूच्या पैशाने मुलांना शहाणे करण्यापेक्षा शिक्षणच स्वावलंबी का करू नये, असा विचार गांधीजींनी ‘हरिजन’ मधून मांडला. त्या विचाराची छाननी करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. प्रांतोप्रांतीचे शिक्षणमंत्री होते, झाकिर हुसेन होते, विनोबा होते, आणि स्वावलंबनाच्या कल्पनेवर सडेतोड आक्षेप घेणारे प्राध्यापक के. टी. शहाही होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधाराने, हे तत्त्व परिषदेने मान्य केले. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने डिसेंबरच्या आरंभी आपला अहवाल दिला. पुढच्या वर्षी हरिपुऱ्याच्या काँग्रेसने त्याला मान्यता दिली. हीच ती ‘वर्धा योजना’.

या परिषदेला मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल उपस्थित होते. त्यांची स्वतःची एक योजना होती. तिचे नाव ‘विद्यामंदिर’. वर्धा योजना आणि विद्यामंदिर योजना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पुष्कळदा त्यांची गल्लत होते. वर्धा योजना शिकवावे काय व कसे याविषयी आहे. विद्यामंदिर योजना शाळा उभी कशी राहील याविषयी होती. तिची मांडणी अशी. ज्या खेड्याच्या एक मैलाच्या आत शाळा नाही आणि जेथे शाळेच्या वयाची चाळीसेक मुले-मुली आहेत, तेथे विद्यामंदिर काढावे. त्यासाठी लोकांनी जमीन दान द्यावी. तिचे सालीना उत्पन्न सुमारे दोनशे रुपये असावे. त्या उत्पन्नातून शिक्षकाला महिना पंधरा रुपये मिळावे. शिक्षकाने वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यावे. अशा शिक्षकांना तयार करण्यासाठी वर्ध्यास १९३८ साली एक अध्यापनशाळाही उघडण्यात आली.

या कल्पनेची थट्टा करणे सोपे आहे, आणि त्या वेळी ती झालीही. परंतु न्यायाने पाहू गेल्यास तिच्यात एक खोल समज होती. आपल्याकडे देवळाला इनाम असे, मशिदीला असे, जोश्याला, सुताराला, कोतवालाला वतन असे. ज्या संस्थेला गावाने जमीन तोडून दिली ती संस्था गावात मुरली. मग शाळेलाच इनाम का असू नये? शुक्लजींनी शाळेला खजिन्याच्या दारातून उचलून शेताच्या बांधावर आणून ठेवले. गुरुजी हा नेमणुकीचा नोकर न राहता वीस वर्षे एका गावात राहणारा, त्याच गावच्या मातीवर जगणारा मनुष्य व्हावा, ही दृष्टी जोतीरावांच्या मागणीशी फार जवळची आहे.

तरीही योजना रुजली नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तिचा जोर ओसरला, हे वरवरचे कारण. खरी कारणे आधीपासूनच तिच्या पोटात होती, आणि त्यांपैकी तीन आपल्या विषयाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहेत.

पहिले कारण हिशेबाचे. महिना पंधरा म्हणजे वर्षाला एकशे ऐंशी. दोनशेतून एकशे ऐंशी गेले म्हणजे पाटी-पुस्तकांस, छपराच्या डागडुजीस, साऱ्यास वीस रुपये उरतात. ज्या मुलुखात जमीन कापसाची आणि ज्वारीची, पाऊस लहरी, आणि कापसाचे भाव १९२९ नंतर कोसळलेले, तेथे दोनशे रुपये हा आकडा कागदावर जितका ठाम तितका शेतात नव्हे. मृगाचा पाऊस चुकला की गुरुजींचा पगार चुकणार. शेतकऱ्याला हा हिशेब कोणत्याही मंत्र्यापेक्षा अधिक चांगला कळतो. त्याला तो आधी विचारला असता तर कदाचित जमिनीबरोबर धान्याचा, श्रमाचा, बैलजोडीचा वाटा जोडून एखादी अधिक टिकाऊ तोड त्यानेच सुचविली असती.

दुसरे कारण दानाचे. जमीन द्यावयाची कोणी? ज्याच्याकडे आहे त्याने. म्हणजे व्यवहारात मालगुजाराने. विद्यामंदिर ज्याच्या जमिनीवर उभे, त्याचा उपकार साऱ्या गावावर. ज्या कुळाने ती जमीन आजवर मक्त्याने कसली, त्याला दानाचे पुण्य नाही आणि कदाचित कसणुकीची शाश्वतीही नाही. गावाने दिलेली शाळा आणि गावातील एका मोठ्या माणसाने दिलेली शाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीच्या वर्गात हरिजनाचे पोर इतरांबरोबर बसले नाही तर त्याचा बाप विचारू शकतो. दुसरीत त्याने कोणाला विचारावे? शिक्षणखात्याचा मनुष्य वाड्यावरूनच परत फिरे, हा जो जुना रिवाज वर सांगितला, त्यानेच नव्या योजनेचाही मार्ग आखून दिला.

तिसरे कारण नावाचे, आणि तेच सर्वांत बोलके आहे. ‘विद्यामंदिर’ या शब्दात आपल्यासारख्या संस्कृतप्रचुर मराठी वाचणाऱ्यास काही खटकत नाही. नाट्यमंदिर, बालमंदिर, ग्रंथमंदिर हे शब्द आपण नित्य वापरतो, त्यांत देव कोठे आहे? मंदिर म्हणजे घर, वास्तू. परंतु खेड्यातील मुसलमानाच्या कानाला मंदिर म्हणजे देऊळ, आणि खरे सांगावयाचे तर खेड्यातील हिंदूच्या कानालाही देऊळच. ज्या शाळेला सरकार देऊळ म्हणते तेथे मी आपले पोर कसे पाठवू, असा प्रश्न मुसलमानांच्या मनात उभा राहिला. मुस्लिम लीगने तो उचलून धरला. १९३८ च्या अखेरीस निघालेल्या पीरपूर अहवालात काँग्रेसी राज्याविरुद्धच्या तक्रारींमध्ये विद्यामंदिराला ठळक स्थान मिळाले. १९३९ च्या आरंभी नागपुरास सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले. नंतर तडजोडीच्या वाटाघाटी झाल्या, मुसलमानांच्या शाळांसाठी निराळी व्यवस्था करण्याचे ठरत गेले. पण तोवर शाळा हा शब्द मागे पडला होता आणि मंदिर हाच शब्द दोन्ही बाजूंच्या झेंड्यांवर चढला होता.

यात राजकारण होते हे कोणीही नाकारणार नाही. लीगला निमित्त हवे होते आणि ते तिला मिळाले. परंतु निमित्त मिळाले ते का, हा आपला प्रश्न आहे. शुक्लजींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काहीएक कारण नाही. वर्धा योजनेचा अहवाल ज्या समितीने लिहिला तिचा अध्यक्षच मुसलमान होता, आणि योजनेत कोणत्याही धर्माचे शिक्षण नव्हते. तेव्हा दोष हेतूचा नव्हे, पद्धतीचा. नाव नागपुरात ठरले. ते ठरविताना त्या शाळेत मुले पाठवावयाची ज्यांनी, त्यांच्यापैकी कोणाच्या कानावर तो शब्द घालून पाहिला गेला नाही. आष्टीसारख्या गावी, त्या दोन घुमटांच्या सावलीत, चार बापांना एकत्र बसवून ‘शाळेला काय म्हणू या?’ एवढे विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते? बहुधा ‘शाळाच म्हणा’ असेच म्हटले असते. ‘शाळा’ या शब्दाला देव नाही आणि जातही नाही. एका साध्या प्रश्नाने जो दगड वाटेतून बाजूला झाला असता, तो न विचारल्यामुळे डोंगर झाला.

कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्ट गावाला विचारीत बसल्यास कोणतेच काम होणार नाही. अज्ञानी लोक विरोधच करतील. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या आपल्याकडच्या कर्त्या पुरुषांनी लोकमताची वाट पाहिली नाही. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्ती केली ती हुकमाने, आणि १९०६ साली ती साऱ्या बडोदे संस्थानात नेली तीही हुकमानेच. शाहू महाराजांच्या करवीरचीही तीच कथा. हुकमाने मुलगा शाळेत येतो, यात संशय नाही. परंतु हुकूम करणारा राजा असतो तोवरच हुकूम चालतो. जेथे राजा नाही आणि मंत्री पाच वर्षांनी, किंबहुना दोन वर्षांनीही बदलतो, तेथे संस्था टिकावयाची ती हुकमावर नव्हे, आपलेपणावर. गावाला विचारणे ही दुर्बलाची पद्धत नव्हे, लोकराज्यातील दूरदृष्टीची पद्धत आहे.

याची साक्ष त्याच काळात, पण वर्ध्यापासून दूर साताऱ्यास मिळते. भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या खेड्यात रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. त्या बोर्डिंगासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. भाऊरावांकडे अधिकार नव्हता, खजिना नव्हता, शेरेबुक तर नव्हतेच. ते अनवाणी गावोगाव हिंडत. जमिनीऐवजी मूठभर धान्य मागत. जमीन एकच घर देऊ शकते, मूठभर ज्वारी प्रत्येक घर देऊ शकते. जिने रोज दळताना मूठ बाजूला काढली, त्या बाईचाही शाळेत वाटा पडला. पुढे मुंबई सरकारने स्वयंसेवी शाळांना उत्तेजन देण्याचे धोरण आखले तेव्हा रयत संस्थेने सातारा जिल्ह्यात अशा शेकडो शाळा काढल्या. त्या कोणाच्या देवळात, कोणाच्या चावडीत, कोणाच्या पडवीत भरल्या. देवळात भरूनही त्यांना कोणी देऊळ म्हटले नाही, कारण त्यांचे नाव वरून आलेले नव्हते. विद्यामंदिराने एकाकडून पुष्कळ मागितले. रयतेने पुष्कळांकडून थोडे मागितले. दोन्ही योजनांतील अंतर एवढेच आहे, पण एवढेच अंतर संस्थेच्या आयुष्याचे मोजमाप ठरले.

पुन्हा वर्ध्याकडे येऊ. सेवाग्रामी आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम चालू ठेवले, आणि १९४५ च्या परिषदेनंतर नयी तालीमची व्याख्या रुंद झाली. ती आता सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती राहिली नाही. आईच्या शिक्षणापासून प्रौढांच्या शिक्षणापर्यंत सारे जीवन तिने आपल्या कक्षेत घेतले. या विस्तारामागे एक अनुभव होता, असे मला वाटते. मुलाला सूत कातावयास लावणाऱ्या शाळेकडे खेडूत बाप संशयाने पाही. साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकतो आणि माझ्या मुलाने टकळी फिरवावी काय, हा त्याचा प्रश्न रोकडा होता. मुलाला शाळेत आणावयाचे तर त्याच्या घरालाच शाळेच्या संवादात आणले पाहिजे, याला दुसरा उपाय नव्हता.

स्वातंत्र्यानंतर रचना बदलत गेली. १९४८ साली या प्रांतात डिस्ट्रिक्ट कौन्सिले जाऊन तहसीलवार जनपद सभा आल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि गावाच्या वतीने बोलण्याचा वाड्याचा मक्ताही त्याबरोबर गेला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. आता आष्टी ही स्वतंत्र तहसील आहे, तेथे गटशिक्षणाधिकारी आहे, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात असे बंधन घातले. जोतीरावांच्या काळी शेरेबुकात ज्या बापाला रकाना नव्हता, त्याला आज कायद्याने खुर्ची मिळाली आहे. सव्वाशे वर्षांत झालेला हा बदल लहान नव्हे.

पण खुर्ची मिळणे आणि विचारले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समितीच्या सभेचे इतिवृत्त आधीच लिहून त्यावर सह्या घेता येतात. मजुरीला जाणाऱ्या बाईला दुपारी बारा वाजता सभेस बोलावता येते, म्हणजे ती येत नाही, आणि मग पालक उदासीन आहेत असा शेराही मारता येतो. साहेबाचे तोंड वरच्या कचेरीकडेच असेल, तर खाली कितीही समित्या नेमल्या तरी पाठ ती पाठच राहते. पूर्वी तो आकडे घोड्यावरून नेई, आता यंत्रातून पाठवितो, एवढाच फरक.

म्हणून शिक्षणाधिकाऱ्याच्या कामाची परीक्षा कशी करावी, असे कोणी विचारल्यास वर्ध्याचा हा धडा पुढे ठेवावा. त्याने गावात पाऊल टाकल्यावर प्रथम कोणाच्या घरी बसणे केले, ते पाहावे. वाड्यावर की वस्तीवर? त्याने मागितले ते एकाकडून की सर्वांकडून? गावाला जे कळते, पावसापाण्याचे, हंगामाचे, मजुरीच्या दिवसांचे, ते त्याने ऐकून घेतले की आपल्या तक्त्यात बसत नाही म्हणून सोडून दिले? आणि नाव ठेवण्यापूर्वी, मग ते शाळेचे असो, योजनेचे असो की गावाचेच असो, त्याने ज्यांना ते नाव आयुष्यभर उच्चारावयाचे त्यांना विचारले काय? या प्रश्नांची उत्तरे अहवालात सापडत नाहीत, पण गावात कोणालाही विचारा, तो सांगेल.

शुक्लजींची विद्यामंदिरे आज नाहीत. ज्या शेतांच्या उत्पन्नावर ती चालावयाची होती त्यांचे पुढे काय झाले, याचा शोध कोणी अभ्यासकाने घ्यावा, तो उपयोगी ठरेल. आष्टीचे दोन्ही घुमट मात्र उभे आहेत, आणि त्यांच्याच गावात हुतात्म्यांचे स्मरण दर नागपंचमीला सर्व जातींचे लोक मिळून करतात. जे गाव एकत्र मरू शकले, त्याला एकत्र शिकविणे अवघड जावे, असे त्या गावात काही नव्हते. अवघड गेले ते विचारावयास.